कायमचा सोळा वर्षांचा

पावसाळा सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरच्या शाळांमध्ये शालेय क्रीडा स्पर्धांचं पत्रक येतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट, खेळांची लांबलचक यादी, प्रवेशिका भरायची शेवटची तारीख. त्यातला मधला गट पाहा. त्याच वयाच्या एका मुलाशी तुमची गाठ घालून द्यायची आहे. आपल्या आमखास मैदानावर तो तुम्हाला भेटणार नाही. पण तिथं संध्याकाळी चेंडूमागे धावणाऱ्या पोरांचं आणि त्याचं वय एकच. भारताचा सतरा वर्षांखालील फुटबॉल संघ हे त्याचं पूर्ण नाव. लाडानं त्याला 'ब्लू कोल्ट्स' म्हणतात.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा, हा मुलगा मोठा होत नाही. २००२ साली तो सोळा वर्षांचा होता, २०१७ साली सोळा वर्षांचा होता आणि आजही तेवढाच आहे. जन्मतारीख १ जानेवारी ही पक्की, साल तेवढं पुढं सरकत जातं. २०१७च्या विश्वचषकासाठी जन्म २०००चा किंवा त्यानंतरचा हवा होता, २०१८च्या आशियाई स्पर्धेसाठी २००२चा, २०२३साठी २००६चा, २०२६साठी २००९चा. दोन वर्षं घाम गाळून, परक्या मैदानांवर मार खाऊन तो जरा कुठं शहाणा झाला, की अंगातला निळा शर्ट उतरवून नव्या पोराच्या अंगात घातला जातो. शिकलेलं सगळं जुन्याबरोबर निघून जातं आणि नवा पाटी कोरी घेऊन बसतो. लोक त्याचे पंधरावीस वर्षांचे निकाल एका दमात वाचतात आणि म्हणतात, इतकी वर्षं झाली, अजून हा शिकला कसा नाही? अहो, हा तो नव्हेच. नावच तेवढं तेच आहे.

वयाच्या बाबतीत तो फार हळवा आहे. त्याला वय विचारलं की तो जन्मदाखला काढत नाही, थेट मनगट पुढं करतो. दाखल्यांवर फुटबॉलच्या जगात कुणाचाच फारसा विश्वास उरलेला नाही. २००९च्या विश्वचषकापासून फिफा या वयोगटातल्या मुलांच्या मनगटाचा एमआरआय काढते. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. वाढ संपत आली की ती हाडात मिसळते. ती पूर्ण मिसळलेली दिसली, तर मुलगा सतरा वर्षांखालचा असण्याची शक्यता फारच थोडी उरते. आपल्याकडे गावोगावच्या शालेय सामन्यांत दाढीमिशा आलेले 'विद्यार्थी' सर्रास उतरायचे, त्या काळापासून ही शंका त्याच्या मागं लागली आहे. आता तो मशिनीत हात घालून बसतो आणि बाहेर येताना मान ताठ असते.

गल्लीत मात्र तो दादा आहे. दक्षिण आशियातल्या सॅफ स्पर्धेत उतरला की त्याची चाल बदलते, छाती पुढं येते. २०१३ साली काठमांडूत त्यानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. २०१७ साली नेपाळमध्येच पुन्हा नेपाळला. २०१९ साली बंगालमधल्या कल्याणीत तर अंतिम सामना ७-० असा जिंकला. पुढं २०२२ला कोलंबोत ४-०, २०२३ आणि २०२४ला थिंफूत बांगलादेशविरुद्ध २-०. मध्येच एखाद्या वर्षी बांगलादेश त्याची खोड मोडतो. २०१५ साली सिल्हेटमध्ये पेनल्टीवर मोडलीच होती. पण मग तो पुढच्या खेपेला जास्त ईर्षेनं येतो. २०२५ साली कोलंबोत त्याच बांगलादेशाला त्यानं पेनल्टीवरच परतवलं.

गल्ली ओलांडून आशियाच्या मोठ्या रस्त्यावर आला, की हाच दादा अबोल होतो. समोर इराण, जपान, कोरिया, उझबेकिस्तान. २००२ साली अमिरातीतल्या आशियाई स्पर्धेत तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि कोरियाकडून ३-१ असा हरला. त्यानंतर बरीच वर्षं तो पात्र ठरायचा, गटात तीन सामने खेळायचा आणि घरी यायचा. कधी पात्रही ठरायचा नाही.

आणि मग २०१७ आलं. त्या वर्षी त्याच्याच घरी विश्वचषक होता.

यजमान म्हणून जागा आपोआप मिळाली, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचा सल त्याला होता. भारताच्या कुठल्याही वयाच्या पुरुष संघानं तोवर फिफाची स्पर्धा खेळली नव्हती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी १९५०च्या विश्वचषकाचं आमंत्रण हातात असून पाऊल उचललं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा जाण्याचा मान या सोळा वर्षांच्या पोराच्या वाट्याला आला. निकोलाय अ‍ॅडम या जर्मन प्रशिक्षकानं त्याला दोन वर्षं देशोदेशी फिरवलं. २०१६ साली गोव्यातल्या आशियाई स्पर्धेत अमिरातीकडून २-३ हार, सौदीशी ३-३ बरोबरी, इराणकडून ०-३ हार अशी त्याची चाचणी झाली. मग २०१७च्या सुरुवातीला अ‍ॅडम गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले.

मातोस यांच्या काळातला एक प्रसंग याचा स्वभाव नेमका सांगतो. पंजाबातल्या मिनर्व्हा अकादमीच्या पोरांशी त्याचा सराव सामना झाला आणि राष्ट्रीय संघ तो सामना हरला. दुसरा कुणी रागावून बसला असता. यानं हरवणाऱ्यांतलेच काही गडी आपल्यात घेतले. त्यांतला एक उंच, शांत, मणिपुरी मुलगा होता, जेक्सन सिंग. संघाचा कर्णधार अमरजित सिंग कियाम हा त्याचा चुलतभाऊ. २१ जणांच्या संघात मणिपूरचे आठ होते. एवढ्याशा राज्यातून आठ! महाराष्ट्राच्या एखाद्या महानगरात त्या राज्याहून जास्त माणसं राहतात.

६ ऑक्टोबर २०१७, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, समोर अमेरिका. मुलगा पहिल्यांदाच इतक्या माणसांसमोर उभा होता, जवळपास ५० हजार. पहिला अर्धा तास त्यानं धीर धरला, मग पेनल्टीवर गोल खाल्ला, उत्तरार्धात दुसरा खाल्ला. शेवटाकडे अन्वर अलीनं मारलेला चेंडू क्रॉसबारवर आदळून परत आला. आपली सगळी पोरं पुढं धावलेली. अमेरिकेनं तोच चेंडू उचलून दुसऱ्या टोकाला नेला आणि तिसरा गोल केला. ही त्याची खोड जन्मजात आहे. आनंद समोर दिसला की तो सगळं घर उघडं टाकून धावतो.

तीन दिवसांनी कोलंबिया. या सामन्यासाठी मी त्याला कायमचा माफ केला आहे, पुढं कितीही हरू दे. पूर्वार्धात राहुल कन्नोलीचा फटका खांबाला लागला. ४९व्या मिनिटाला पेन्यालोसानं कोलंबियाला आघाडी दिली. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला आणि तोच उंच, शांत जेक्सन सगळ्यांच्या वर उठला. डोकं लागलं, चेंडू जाळ्यात. विश्वचषकाच्या मैदानावर भारताचा पहिला गोल. स्टेडियमच्या आवाजात कुणाला काही ऐकू येईना. आणि ते पोर आनंदात होतं, मिठ्यांतून नुकतं सुटत होतं, तेवढ्यात पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसानं दुसरा गोल केला. १-२. एका मिनिटाचं सुख.

त्या एका मिनिटावर त्याला कितीदा ऐकून घ्यावं लागलं! अनुभव नाही, लक्ष विचलित झालं, गोल झाल्यावरची पाच मिनिटं सांभाळायची असतात हे याला कुणी शिकवलं नाही का? शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. गोल करून तो लगेच राखायचा प्रसंग मोठ्या सामन्यांत वारंवार येतो, तेव्हा कुठं पायांना ते कळतं. युरोपातल्या क्लबच्या अकादमीतलं सोळा वर्षांचं पोर शरद ऋतूपासून वसंतापर्यंत जवळपास दर आठवड्याला सामना खेळतं. आपल्या मुलानं तो प्रसंग विश्वचषकातच पहिल्यांदा पाहिला.

१२ ऑक्टोबरला घानानं त्याला ०-४ असं हरवलं. तोवर पाय थकले होते. तिन्ही सामन्यांत गोलमध्ये उभा राहिलेला धीरज सिंग मात्र थकला नाही. तो नसता तर आकडे बरेच वाढले असते. सामना संपल्यावर मुलं मैदानाला फेरी मारून लोकांना नमस्कार करत होती आणि ०-४ हरलेल्या पोरांसाठी स्टेडियम उभं होतं. एकूण स्पर्धेला १३ लाख ४७ हजार प्रेक्षक आले. चीनमधल्या १९८५च्या पहिल्या स्पर्धेचा विक्रम त्यांनी मोडला. आपला मुलगा गटातच बाहेर पडला, पण यजमान म्हणून त्यानं पाहुण्यांचं असं स्वागत केलं की विक्रम झाला.

त्या वर्षी आपल्या राज्यालाही त्याचं वेड लागलं होतं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारनं 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' राबवलं. एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत नवे कोरे चेंडू आले. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, जिथं खेळाचा तास म्हणजे कबड्डी, खो-खो नाहीतर क्रिकेट, तिथंही त्या दिवशी मुलामुलींनी फुटबॉलला लाथ मारली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषकाचे सामने झाले, माली आणि स्पेनचा उपांत्य सामनाही तिथंच झाला. आपला मुलगा मात्र दिल्लीतच खेळला. महाराष्ट्रात आला असता तर इथून रात्रीच्या बसनं जाऊन त्याला पाहता आलं असतं, ही चुटपुट राहिली.

त्याच्या २१ जणांत दोन मराठी पोरं होती. नमित देशपांडे अमेरिकेत वाढलेला, बचावफळीतला. आणि अनिकेत जाधव कोल्हापूरचा. कोल्हापूरचा फुटबॉल कसा असतो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथं क्लब म्हणजे तालमी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा आपल्या पेठेच्या संघासाठी नातवाच्या वयाच्या रेफ्रीशी भांडतात. त्या मातीतला अनिकेत रिक्षाचालकाचा मुलगा. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि थेट या संघाच्या आघाडीला उभा राहिला. विश्वचषक संपला आणि महिन्याभरानंच, २९ नोव्हेंबरला, याच पोरांचा 'इंडियन अ‍ॅरोज' संघ आय-लीगमध्ये मोठ्यांच्या विरुद्ध उतरला. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीवर ३-० असा विजय, त्यातले दोन गोल अनिकेतचे. कोल्हापूरला त्या रात्री झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

अनिकेतच्या नावावर आणखी एक प्रसंग आहे. ऑगस्ट २०१८, स्पेनमधली कोटिफ स्पर्धा. विश्वचषक खेळलेली हीच बरीचशी पोरं आता वीस वर्षांखालच्या संघात होती, प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो. समोर अर्जेंटिनाचा वीस वर्षांखालचा संघ, त्यांच्या बाकावर लिओनेल स्कालोनी. चार वर्षांनी यांनीच मेस्सीच्या हाती विश्वचषक दिला. चौथ्याच मिनिटाला दीपक टांगरीनं गोल केला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला अनिकेतला लाल कार्ड मिळालं. दहाच जण उरले आणि तशा अवस्थेत अन्वर अलीनं फ्री किकवर दुसरा गोल मारला. दिल्लीत ज्याचा फटका क्रॉसबारवरून परत आला होता, तोच अन्वर. भारत २, अर्जेंटिना १. एक गोल खाल्ला, एक गडी गमावला, तरी या वेळी घर उघडं टाकलं नाही. मुलगा शिकला होता. फक्त तोवर तो सतरा वर्षांखालचा राहिला नव्हता, म्हणून ही जीत त्याच्या वहीत लिहिली गेली नाही.

त्या वेळी निळा शर्ट अंगात असलेला धाकटा जॉर्डनमध्ये होता, आणि पश्चिम आशियाच्या सोळा वर्षांखालील स्पर्धेत त्यानं इराकला १-० असं हरवलं. शेवटच्या क्षणी भुवनेशचा हेडर. इराक म्हणजे गोव्यात २०१६ साली आशियाचं अजिंक्यपद मिळवलेला देश. भारताच्या कुठल्याही संघानं तोवर इराकला हरवलेलं नव्हतं.

हा २००२च्या जन्मसालाचा मुलगा माझा विशेष लाडका. कारण तो हट्टी होता. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस त्याचे प्रशिक्षक. त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली, दार बंद ठेवायची. त्या वर्षी मलेशियात आशियाई स्पर्धा झाली. व्हिएतनामविरुद्ध विक्रम प्रताप सिंगच्या पेनल्टीवर १-०. इराणशी गोलशून्य बरोबरी, त्यात गोलकीपर नीरजकुमारनं पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशी पुन्हा गोलशून्य. तीन सामन्यांत एकही गोल नाही खाल्ला आणि सोळा वर्षांनी तो उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर पुन्हा तोच कोरिया. हा एक सामना जिंकला असता तर विश्वचषकाचं तिकीट होतं, यजमान म्हणून फुकट मिळालेलं नव्हे, स्वतःच्या पायांनी कमावलेलं. तासभर तो भिंतीसारखा उभा राहिला. मग जियोंग सांग-बिननं गोल केला. ०-१. संपूर्ण स्पर्धेत खाल्लेला हा एकमेव गोल, आणि त्यानंच त्याला घरी पाठवलं.

कुणी म्हणालं, फार बचाव करतो, रंगत नाही. मला हे म्हणणं पटत नाही. ज्याच्याकडे चेंडू पायात ठेवायची ताकद अजून आलेली नाही, त्यानं आधी दार लावायला शिकावं. रंगत नंतर येते. पुढं २०२३ साली थायलंडमध्ये तो दार उघडं ठेवून खेळला. व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१, आणि जपानशी जो सामना झाला त्याचा निकाल वाचताना लोकांना छपाईची चूक वाटली असेल. ४-८. जपानला चार गोल! त्यांच्याकडून आठ घेतले ते वेगळं, पण जपानच्या जाळ्यात चार चेंडू घातले, हेही याच मुलाचं काम आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक मुलगा हरवला आहे. त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. २००४च्या जन्मसालाचा. सप्टेंबर २०१९ मध्ये ताश्कंदला पात्रता फेरीत त्यानं तुर्कमेनिस्तानला ५-० आणि बहरीनला ५-० हरवलं, यजमान उझबेकिस्तानशी १-१ बरोबरी केली आणि गटात पहिला येऊन २०२०च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. सोडतही निघाली. कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि पुन्हा उझबेकिस्तान. तयारीचे बेत ठरले. मग कोरोना आला. स्पर्धा आधी पुढं ढकलली, मग जानेवारी २०२१ मध्ये रद्दच केली. तो वर्षभर घरात, अंगणात, गच्चीवर चेंडू खेळवत राहिला, आणि स्पर्धा रद्द झाल्याची बातमी आली तोवर त्याचं वय उलटून गेलं होतं. परीक्षाच झाली नाही आणि वर्ग पुढं सरकला. सगळ्या भावंडांत हा एकटा असा, ज्याला पात्रतेत कुणी हरवलं नाही आणि ज्याला पुढं खेळूही दिलं नाही.

घराण्याचा अभिमान त्याला आहे, आणि तो फुकाचा नाही. युवा गटातल्या थोरल्या भावानं १९७४ साली बँकॉकमध्ये शब्बीर अलींच्या नेतृत्वाखाली आशियाई युवा स्पर्धा जिंकली होती. अंतिम सामना इराणशी २-२ बरोबरीत सुटला आणि दोघं संयुक्त विजेते ठरले. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी घरात ती ढाल पुसून ठेवली जाते. धाकट्या बहिणीची कथा वेगळी. २०२२ साली मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. स्पर्धेच्या दोनच महिने आधी मोठ्यांच्या कारभारामुळं फिफानं भारतावर बंदी घातली आणि मुलींना आपलीच स्पर्धा आपल्या घरी होईल की नाही ते कळेना. बंदी उठली, त्या खेळल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं. बहिणीच्या वाट्याला भावाच्या निम्म्यानंही सराव सामने आले नसावेत असा माझा समज आहे आणि त्याची चीड येते.

आता आपल्या गावाशी त्याचं नातं काय, ते सांगतो. गाव क्रिकेटचं. फुटबॉल आहे तो छावणीत, जुन्या शहरातल्या मोहल्ल्यांत, इंग्रजी शाळांच्या मैदानांवर आणि आमखासला. आमखासला सभा होतात, मेळावे होतात, मंडप उभे राहतात आणि मंडपाचे खड्डे मागं राहतात. त्यातून वाट काढत पोरं खेळतात. शाळेचा संघ सुब्रतो चषकासाठी उतरतो, तो देशभरातल्या शाळांच्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक, १९६०पासूनचा. पण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर बाद पद्धत. सकाळी दहाचा सामना हरलात की साडेअकराला तुमचा मोसम संपला. एखादं पोर वर्षभर सकाळी उठून धावलं असेल, आणि त्याच्या वाट्याला त्या वर्षीचा खरा सामना आला तो तेवढाच.

त्या कोलंबियाच्या सामन्यातल्या एका मिनिटाचं मूळ मला दिल्लीत दिसत नाही, ते इथं दिसतं, साडेअकराला किट गुंडाळून शाळेच्या रिक्षात बसलेल्या पोरांमध्ये. मणिपुरात, मिझोराममध्ये, कोल्हापुरात पोरगं हरलं तरी पुढच्या आठवड्यात त्याला दुसरा सामना असतो, कारण तिथं लीग आहे, पेठेची ईर्षा आहे, बघायला येणारी माणसं आहेत. आपल्या जिल्ह्यात शाळांची साखळी स्पर्धा भरवायला नवं स्टेडियम लागत नाही. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलासारखी दोनतीन मैदानं शनिवारी सकाळी मोकळी द्यावी लागतात, रेफ्रींना मानधन द्यावं लागतं आणि आठ शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी एकत्र बसून वेळापत्रक लिहावं लागतं. एवढं झालं आणि शाळा एकमेकींशी दोनदा खेळल्या, तर संभाजीनगरच्या पोराला वर्षाला एकाऐवजी चौदा सामने मिळतील. हा हिशेब मी अनेकांना ऐकवला आहे, तुम्हालाही ऐकवतो.

फिफानं तर त्याच्यासाठी दारं आता रुंद केली आहेत. सतरा वर्षांखालचा विश्वचषक २०२५पासून दर वर्षी होतो, ४८ देशांचा, कतारमध्ये. आधी दोन वर्षांतून एकदा २४ देश येत. म्हणजे आता प्रत्येक जन्मसालाच्या मुलाला संधी आहे. एखादं साल दोन स्पर्धांच्या मध्ये सापडून फुकट जाणार नाही. पण विश्वचषकाची वाट आशियाई स्पर्धेतून जाते, आणि आशियाई स्पर्धेची पात्रता फेरीतून.

ती पात्रता फेरी नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला झाली. हा २००९च्या जन्मसालाचा मुलगा, प्रशिक्षक पुन्हा बिबियानो. पॅलेस्टाईनशी १-१, चायनीज तैपेईवर ३-१, मग लेबनॉनकडून ०-२. लेबनॉनच्या सामन्यानंतर बहुतेकांनी त्याच्या नावावर काट मारली होती. गटातून एकच संघ जाणार होता, शेवटचा सामना इराणशी होता, आणि इराणला बरोबरीसुद्धा चालली असती. ३० नोव्हेंबरला इराणनं आधी गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टी मिळाली, ती दल्लालमुओन गांगतेनं मारली, १-१. उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि गुनलेइबा वांगखेइराकपामनं दुसरा गोल केला.

गोल झाल्यावर मुलं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि ज्यांनी २०१७ पाहिलं होतं त्यांचे डोळे घड्याळाकडे गेले. या पोरांना ते घड्याळ माहीत नव्हतं. दिल्लीत जेक्सननं उडी मारली तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढचं मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. इराण चेंडू घेऊन येत राहिला, उजवीकडून, डावीकडून, कॉर्नरवर कॉर्नर. अर्ध्या तासाहून जास्त वेळ हा मुलगा आपल्या पेनल्टी क्षेत्रात उभा राहून येईल तो चेंडू बाहेर काढत राहिला, डोक्यानं, पायानं, अंगावर झेलून. जादा वेळही सरला. २-१, इराण बाहेर, आणि २०२६च्या सौदी अरेबियातल्या आशियाई स्पर्धेत भारताला जागा.

सामना संपला तेव्हा कुणी मैदानावर लोळत होतं, कुणी बिबियानोंच्या गळ्यात पडलं होतं, आणि इराणच्या रडणाऱ्या मुलांना उठवायला आपलीच दोनचार पोरं गेली होती. पुढच्या स्पर्धेसाठी नेहमीप्रमाणे त्याच्या १ जानेवारीचं साल बदलेल, शर्ट दुसऱ्याच्या अंगात जाईल. त्याआधी त्याला एकदा पाहून घ्या. सामने मोबाईलवर दिसतात.